राणीचा धाकटा भाऊ

आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात एकच नियम सगळे पाळायचे. पाणी बेताने प्या म्हटलं तर कोणी ऐकायचं नाही. केळं बंद म्हटलं तर फुलवाल्या मावशी पिशवीतून हळूच अर्धं केळं काढायच्या. पण लांडग्यांच्या मालिकेचा नवा एपिसोड घरी बघायचा नाही, हा नियम मोडायची कोणाची छाती नव्हती. एपिसोड शुक्रवारी रात्री यायचा आणि त्यानंतरची आमची पाळी शनिवारी सकाळची. अख्खं जग बघून, रडून, भांडून मोकळं व्हायचं आणि आम्ही चौघं फोन बंद ठेवून, कोणाशी धड न बोलता येऊन खुर्चीत बसायचो. सिस्टर आमच्या हातात सुया घालायच्या, मशीन सुरू करायच्या आणि मग भिंतीवरचा टीव्ही लावायच्या. त्याआधी लावला तर बघण्याच्या नादात हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. खरंच होतं ते.

चौघं म्हणजे दाराजवळ पोस्टमनकाका, मग फुलवाल्या मावशी, मग मी आणि खिडकीला फोटोवाला. मी गाडी चालवायला शिकवते. आता बसवत नाही फार वेळ, पण धंदा तोच. जन्म गेला लोकांवर ओरडण्यात, 'क्लच सोड, अहो हळू, समोर बघा समोर!' त्यामुळे आवाज मोठा आहे आणि जिभेला हाड नाही. फोटोवाला म्हणायचा, ताईंचं रक्त मशीनमध्ये साफ होतं पण तोंड तसंच राहतं.

आम्ही मालिकेतली माणसं वाटून घेतली होती. ही कल्पना मावशींची. प्रत्येकाने एक माणूस आपला म्हणायचा, आणि ज्याचा माणूस मरेल त्याने दाराजवळच्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्या कोणाचा मरेपर्यंत. ती खुर्ची वाईट. डायलिसिस चालू असताना आधीच हुडहुडी भरते, त्यात दार उघडलं की गार वारा थेट मानेवर. पोस्टमनकाकांचा म्हातारा सेनापती पहिल्याच महिन्यात गचकला होता, तेव्हापासून ते तिथे दोन पांघरुणं घेऊन बसले होते. मावशींकडे जादूगारीण होती, फोटोवाल्याकडे पांढरा लांडगा. 'बोलत नाही, भांडत नाही, सांभाळायला बरा,' म्हणायचा. माझ्याकडे बर्फाच्या किल्ल्याची राणी. कुणाचं ऐकायची नाही, फटकळ होती, आणि तिच्या शत्रूंना रात्री झोप लागायची नाही. मावशींनी पहिल्याच दिवशी ती माझ्या पदरात टाकली होती.

त्या शनिवारी माझा भाऊ माझ्याबरोबर वॉर्डात आला. पहिल्यांदाच.

धाकटा आहे माझा, ढब्बू. लहानपणी होता गुबगुबीत, आता नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याची किडनी मला जुळत होती. आईला साखर, तिची घेता येत नव्हती. वडील नाहीत. राहिला हा. त्याने आपणहून सांगितलं होतं, 'ताई, माझी घे की. मला दोन आहेत, एक बसूनच असते.' आई रडली होती, मीही रडले होते, बायकोला तो म्हणाला होता की काही होत नाही गं, महिन्याभरात चालायला लागतो माणूस. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची होती. त्या दिवशी त्याच्या शेवटच्या तपासण्या होत्या, खालच्या मजल्यावर. रक्त देऊन झालं, दुपारी समुपदेशक बाई त्याच्याशी बोलणार होत्या. मधला वेळ काढायला तो वर आला आणि माझ्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसला.

त्याने कधी डायलिसिस बघितलं नव्हतं. माझ्या दंडापासून निघणाऱ्या दोन नळ्यांकडे त्याने एकदा बघितलं, त्यातून फिरणारं रक्त बघितलं आणि मग तो सारखा जमिनीकडेच बघत राहिला. मी म्हटलं, 'अरे, चक्कर येईल तुला, टीव्ही बघ.' ते माझंच म्हणणं. माझ्याच तोंडाने सांगितलं.

'कोण आहे ही?' त्याने विचारलं. मालिका त्याला माहीत नव्हती.

'ती मी,' मी म्हटलं. सगळे हसले.

मागच्या वेळी राणीला विषारी भाला लागला होता. या वेळी ती दगडी चौथऱ्यावर पडलेली, ओठ काळे, डोळे अर्धवट उघडे. बाहेर शत्रूचं सैन्य. मावशींची जादूगारीण आली, राखेत बोटं फिरवली आणि म्हणाली, औषध नाही. एकच उपाय. हिच्याच आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाने तळव्याला तळवा लावायचा, म्हणजे त्याच्यातला जाळ हिच्यात उतरेल. किती उतरेल आणि त्याच्यात किती उरेल, ते कोणाला सांगता येणार नाही.

मग कॅमेरा फिरला राणीच्या धाकट्या भावाकडे. त्याला आम्ही लिंबू म्हणायचो. दोन सीझन तो नुसता आंबट तोंड करून कोपऱ्यात उभा असायचा. ना तलवार धड, ना बोलणं धड. 'अरे देवा, या लिंबाच्या हातात आहे सगळं,' फोटोवाला म्हणाला.

लिंबू पुढे आला. हात लावला. दोघांच्या तळव्यांमधून लाल उजेड निघाला, आणि लिंबाने किंचाळून हात मागे घेतला.

'अरे!' चौघं एकदम.

'घाबरतो काय! लाव परत!' पोस्टमनकाका पांघरुणातून ओरडले. हे काका एरवी सिस्टरने सुई दोनदा टोचली तरी 'असू दे, असू दे' म्हणणारे.

लिंबाने परत लावला, परत काढला. म्हणाला, मला नाही जमणार. जादूगारीण तिथेच उभी राहिली. राणीचा श्वास घरघरायला लागला.

आता मी सांगते ते तुम्हाला कळेल की नाही कोण जाणे. आम्ही चौघंही कोणी ना कोणी काहीतरी देईल म्हणून वाट बघणारी माणसं. वर्षं गेली आमची. मावशींचे मुलगे 'बघू' म्हणाले होते, ते अजून बघताहेत. काकांचं वय झालं म्हणून त्यांचं नाव किडनीच्या यादीतूनच काढलं होतं. आणि समोर एक माणूस, धडधाकट, हात पुढे करतोय आणि मागे घेतोय. आमचा तोल गेला. 'दे ना रे मेल्या!' मावशी. 'सख्खी बहीण आहे तुझी!' काका. 'धर, धर हात तिचा!' फोटोवाला, अर्धा उठून. आणि सगळ्यात मोठा आवाज माझा. 'दे ना! बघतोस काय नुसता? दे!'

माझा मोकळा हात कधी ढब्बूच्या मनगटावर गेला, मला कळलंही नाही. मी ते आवळून धरलं होतं. गाडीत समोर कोणी आडवं आलं की शिकणाऱ्याचा हात धरते ना मी, तसं. नजर टीव्हीवर.

लिंबाने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तिचा तळवा धरला. या वेळी सोडला नाही. उजेड वाढत गेला. राणीचे ओठ लाल झाले आणि लिंबू पांढरा, मग करडा, मग राख. राणी उठून बसली. मावशींनी टाळी वाजवली. सुयांच्या हाताने टाळी! चारही मशीनं एकदम कोकलायला लागली, सिस्टर धावत आल्या, 'हात सरळ! अहो हात सरळ करा सगळ्यांनी, लहान आहात का?' आणि आम्ही हसतोय, डोळे पुसतोय, काका 'जिंकलो, जिंकलो' म्हणतायत. फोटोवाल्याने मला लांबूनच सलाम ठोकला. म्हणाला, 'ताई, राणी वाचली हो तुमची!' मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. लाज वाटते, पण झाला होता.

ढब्बूने माझ्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं. हळूच, एकेक बोट बाजूला करून.

'तो मेला ना पण,' तो म्हणाला.

मशीनं तोवर गप्प झाली होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

'अरे बाबा, मालिका आहे ती,' फोटोवाला म्हणाला.

'हो, मालिकाच आहे.' तो हसल्यासारखं करून म्हणाला. मग त्याने विचारलं, 'ताई, तुम्ही माणसं वाटून घेतलीत ना? मग हा कोणाचा होता?'

मावशीच म्हणाल्या, 'तो नव्हता रे कोणाचा.'

'बरं,' तो म्हणाला, आणि चहा पिऊन येतो सांगून गेला. नंतर मला कळवलं की समुपदेशक बाईंशी बोलून परस्पर घरी जातो. माझं मशीन सुटायला तास होता अजून.

मावशी बराच वेळ टीव्हीकडे बघत होत्या, तो बंद झाला होता तरी. मग माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, 'अगं, आपण काय काय ओरडलो गं त्या पोरासमोर?'

'काही नाही ओरडलो,' मी म्हटलं. 'तो काय कुक्कुलं बाळ आहे?' आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. डॉक्टर बसा म्हणाले की समजावं. म्हणाले, 'तुमच्या भावाकडून किडनी घेता येणार नाही. वैद्यकीय कारण आहे.'

'कसलं कारण?'

'ते मला सांगता येणार नाही. ती त्यांची खाजगी बाब आहे.'

'अहो, मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, घोड्यासारखा आहे तुमचा भाऊ! आता काय झालं त्या घोड्याला?'

डॉक्टरांनी पेन उचललं, परत ठेवलं. 'तुमचं नाव यादीत आहेच. प्रयत्न चालू ठेवू,' म्हणाले. यादी म्हणजे काय हे मला माहीत होतं. माझ्या रक्तगटाला वर्षानुवर्षं लागतात, आणि माझं हृदय तितकं थांबायला तयार नाही, हे याच डॉक्टरांनी मला याच खुर्चीत बसवून सांगितलेलं. म्हणून तर घाई होती. मी रागाने दार आपटून बाहेर आले.

वॉर्डात फोटोवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, 'ताई, माझा मेव्हणा मला देणार होता, तेव्हाही असंच वैद्यकीय कारण निघालं होतं. पुढच्या वर्षी तो डोंगर चढून आला. त्याचे फोटो मीच मोठे करून दिले.'

'म्हणजे?'

'म्हणजे देणाऱ्याला आत एकट्याला विचारतात, मनापासून देताय का म्हणून. नको म्हणाला, तर डॉक्टर स्वतःच्या अंगावर घेतात. रिपोर्ट बरा नाही म्हणून सांगतात. घरात भांडणं नकोत ना. कोणाला कळत नाही.' मग म्हणाला, 'आपल्याला कळतं, बसून बसून.'

मला जो राग आला तो आजही शब्दांत सांगता येत नाही. मालिकेमुळे झालं, असं मी म्हणणार नाही. भीती त्याच्या मनात आधीपासून असणार, बायकोच्याही असणार, लहान मुलगी आहे त्याला. पण नाही म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हण ना! मी काय खाणार होते तुला? त्याला गाडी मी शिकवली, त्याची फी मी भरली, त्याच्या लग्नात मी नाचले. डॉक्टरच्या पाठीमागे लपतोस? मी ठरवलं, रविवारी तो जेवायला येईल तेव्हा आईसमोर त्याचं पितळ उघडं पाडायचं. चांगलं सोलून काढायचं त्याला.

रविवारी दुपारी तो आला. एकटाच. बारीक झाला होता. आईने त्याला दारातच धरलं, कपाळाला हात लावून बघितला, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. तिला तेवढंच कळलं होतं की ढब्बूच्या तपासणीत काहीतरी वाईट निघालं. माझ्या किडनीचं दुःख तिने गुंडाळून ठेवलं होतं, आता तिला नवं दुःख मिळालं होतं.

'काय निघालं रे माझ्या लेकरात? सांगत का नाहीस? आईपासून लपवतोस?'

'काही विशेष नाही गं. बारीकसं आहे.'

'बारीकसं असतं तर डॉक्टर नाही कशाला म्हणाले असते?'

तिने टेबलावर ताटं मांडली. माझं नेहमीचं बिनमिठाचं, आणि शेजारी त्याचंही बिनमिठाचं. 'आजपासून तूही हेच खायचं,' तिने त्याला बजावलं. तो निमूट खायला लागला. मी समोर बसून बघत होते. एकेक घास तो पाण्याबरोबर ढकलत होता. मला हसूही येत होतं आणि ताट फेकून मारावंसंही वाटत होतं. म्हटलं, थांब, आता उघडते तोंड.

तेवढ्यात आई म्हणाली, 'उद्या आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचंय. मी नंबर लावलाय. सगळ्या तपासण्या परत करायच्या, पहिल्यापासून. मी स्वतः विचारणार त्यांना. हे डॉक्टर काही सांगत नाहीत ना, ते सांगतील.'

ढब्बूचा घास तसाच हातात राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी त्याला तान्हा असल्यापासून बघतेय. काच फोडली तेव्हाचं, नापास झाला तेव्हाचं, वडील गेले तेव्हाचं तोंड मला माहीत आहे. हे तसलं नव्हतं. भेदरला होता, अंगातलं रक्त काढून घेतल्यासारखा. आणि त्याला ठाऊक होतं की मला कळलंय. काही मागत नव्हता, नुसता बघत होता.

'त्याला काही झालेलं नाही आई,' मी म्हटलं. 'मीच नको म्हटलं.'

'काय?'

'डॉक्टरांना मीच सांगितलं. मला त्याची किडनी नको. त्यांनी आपलं काहीतरी कारण पुढे केलं.'

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. 'का?'

'नको म्हणजे नको. जन्मभर कोणाच्या उपकाराखाली राहायचं? मला नाही जमत.'

'कोणाच्या? भाऊ आहे तो तुझा!' आई उभी राहिली होती. 'इतका माज? अगं, मरशील! आणि मी काय करू, बघत बसू? ते पोर आपलं पोट फाडून द्यायला तयार आहे, आणि तुला उपकार वाटतात? तू लहानपणापासून अशीच. कोणाचं म्हणून चांगलं घ्यायचं नाही. दगड आहेस, दगड!' तिचा आवाज फुटला. मी माझं बिनमिठाचं खात राहिले. बोलायला लागले असते तर सगळंच बाहेर आलं असतं.

मग ती ढब्बूकडे वळली. त्याचा खांदा धरून हलवायला लागली. 'तू सांग रे तिला. तुझं ऐकेल ती. सांग, ताई, मी देतोय, गुपचूप घे. तारीख गेलेली नाही अजून. सांग ना!'

मी त्याच्याकडे बघितलं. खरं सांगते, मी वाट बघत होते. आईसाठी नाही, माझ्या जिवासाठी. आता मी त्याला सगळ्यातून सोडवलं होतं, आता कोणी ओरडत नव्हतं, कोणी हात धरला नव्हता. वाटलं, आता म्हणेल. नुसतं 'ताई' एवढं जरी म्हणाला असता.

ढब्बूने ताटात बघितलं.

'तिचंच मन नसेल,' तो म्हणाला, 'तर मी तरी काय जबरदस्ती करू, आई?'

आईने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि रडत त्याच्या केसांतून हात फिरवायला लागली. 'माझं गुणाचं लेकरू,' म्हणाली, 'तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही.' तो मान हलवत होता.